पिछाडीचा कंदील

जर्मनीत, बाड हॉम्बुर्गला दत्तात्रयकाकांकडे जेवणं आटोपली आणि मुलांनी भुताची गोष्ट मागितली. काकांनी दिवा बारीक केला.

"भूतबीत मला ठाऊक नाही. आमच्या सिद्धेशचं काय झालं ते सांगतो. ब्राउनश्वाइगला पीएचडी करतो तो. गेल्या वर्षी ऑक्टोबरात, इथं हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे घेतात ना, ती शनिवारची रात्र. प्रोफेसरांच्या प्रदर्शनासाठी एका आजीबाईंकडून जहाजाच्या पिछाडीला टांगायचा जुना कंदील आणायचा होता. गेला ट्रामनं.

आजींनी कॉफी पाजली आणि कंदिलाची सगळी कुळकथा ऐकवली. कॅप्टन थॉर्न म्हणून एक अमेरिकन. पोरवयातच जहाजावर चढला. इंग्रजांशी जुंपली तेव्हा सरकारी परवाना काढून त्यांची व्यापारी जहाजं पकडायला लागला. असंच एक पकडलेलं जहाज त्यानं मुलाच्या हाती दिलं. माझा दिवा बघत मागून ये, म्हणाला. रात्री इंग्रजांची युद्धनौका पाठीस लागली. यानं दिवा विझवला आणि निसटला. सकाळी मागे नुसतं पाणी. पुढे नौदलात मोठा हुद्दा मिळाला त्याला, पण अंधारात तो कधी झोपला नाही. कंदील मात्र नजरेसमोर नको म्हणून इंग्रजांकडून लढताना पकडलेल्या एका जर्मन कैद्याला देऊन टाकला. तो आजींचा पूर्वज.

सिद्धेश मधूनमधून 'जा, गेनाऊ', हो, बरोबर, करत राहिला. आत काही हललं नाही. अलिबागला वडील गेले, त्या रात्री परीक्षेपायी यानं फोन बंद ठेवला होता. आई फोन करकरून थकली. तेव्हापासून हा रडलेला नाही. आणि रात्री फोन वाजण्याचीच धास्ती अशी बसली की तो बंद केल्याशिवाय झोप नाही. आई तिकडे एकटी असूनही.

त्याही रात्री बंद केला. उशाशी ठेवला. कंदील खिडकीत. त्यात तेल नाही, वात नाही.

दोनच्या सुमाराला जाग आली. खोलीत उजेड. कंदिलाचा.

खिडकीशी कुणीतरी... पाठमोरं. बाहेर बघत.

घाबरायला हवं होतं. तेही जमेना.

'विझवू नकोस,' तो खिडकीतला म्हणाला. 'मागे कुणीतरी आहे.'

कुठल्या भाषेत, ते सिद्धेशला आजही सांगता येत नाही.

मग अंधार. आणि... फोन वाजला."

"उंड डान? मग?" मुलांतल्या केयानं हळूच विचारलं.

"आईचा. न्हाणीघरात पडली होती, उठता येईना. सिद्धेशनं तिच्या शेजारच्या श्रीधररावांना फोन लावला, त्यांनी दार फोडलं. वाचली."

काकांनी दिवा आणखी बारीक केला.

"फोन वाजला तो खिडकीतून, कंदिलाशेजारून. फोनची काच ओलीचिंब. जिभेला लावून पाहिलं, तर खारट. ब्राउनश्वाइगला कुठला आलाय समुद्र? आई म्हणते, अरे, रडला असशील झोपेत.

सिद्धेश अजून रडलेला नाही."