आवाज बसला

दार उघडलं तर शेजारच्या गाण्याच्या बाई. महिनाभरापूर्वीच राहायला आलेल्या.

"तुमच्याकडे कोण गुणगुणतंय?"

"कोणी नाही. कपाट आहे."

"कपाट?"

"वाइनचं. घरी बनवलंय."

"तरीच! पिऊन गातंय म्हणायचं. माझ्या सुराच्या केसभर खाली लागतं. सगळा वर्ग त्याच्यामागे घसरतो."

मी हसलो. दोन वर्षांत हसायची सवय मोडली होती, त्यामुळे ते खोकल्यासारखं निघालं.

बायको द्राक्षांची वाइन करायची. दोन वर्षांपूर्वी ती वारली, तेव्हा नऊ बाटल्या उरल्या. या उन्हाळ्यात एका बाटलीचं बूच उष्णतेनं वर आलं आणि माझा जीव खाली-वर झाला. मी फ्रिज दुरुस्त करणारा माणूस. जुन्या फ्रिजचा छोटा कॉम्प्रेसर काढला, प्लायवूडच्या कपाटाला आतून थर्माकोल लावला. थंडावा हवा तेवढा आला. आवाज मात्र नको तेवढा.

हे सगळं बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बंद करा असं कसं म्हणू? पण वर्ग इथे चालत नाही. मी दुसरी खोली बघून ठेवलीय... एक तारखेपासून."

हातात अठरा दिवस होते. मी कॉम्प्रेसरखाली रबर घातलं. मग जाड रबर घातलं. पंखा बदलला. रोज दुपारी वर्ग संपला की बाई यायच्या, कपाटाला कान लावायच्या.

"आज रियाज बरा झालाय त्याचा."

"तुमच्याकडे पाठवू का शिकायला?"

"नको. घरच्या मास्तरांचंच ऐकत नाही ते."

मी रोज दाढी करायला लागलो होतो, हे माझ्या चार दिवसांनी लक्षात आलं. दोष सापडला नाही तर बाई जाणार. सापडला तर रोज दुपारी कशाला येणार? मी स्क्रू पिळत बसायचो आणि हाच विचार करायचो.

अठ्ठावीस तारखेला त्यांनी सहज कपाटामागच्या तांब्याच्या नळीवर हात ठेवला. गुणगुण एकदम थांबली.

"हात काढा," मी म्हणालो. पुन्हा सुरू. "ठेवा." बंद.

मी त्यांच्या बोटांशेजारी बोट सरकवून पाहिलं. नळी मागच्या फळीतल्या भोकाच्या कडेला टेकत होती. तिच्यामुळे सगळं कपाटच वाजत होतं. इतकी वर्षं काम करूनही मला दिसलं नव्हतं. आम्ही दोघंही जरा जास्तच वेळ ती नळी धरून उभे राहिलो...

"माझा पुढचा वर्ग—" म्हणत त्या गेल्या.

मी फळीतलं भोक मोठं केलं. नळी मोकळी झाली. कॉम्प्रेसर चालू आहे की नाही, हे हात लावून बघावं लागलं! भिंतीपलीकडे वर्ग चालू होता, म्हणून मी चिठ्ठी लिहून त्यांच्या दाराखालून सरकवली: आवाज बसला. आता जाऊ नका.

वर्ग सुटला आणि दहा मिनिटांत बाई आल्या. एका हातात थर्मास, दुसऱ्यात मधाची बाटली.

"बोलू नका! एक शब्दसुद्धा नाही."

"अहो, पण—"

"गप्प! थंडगार वाइन पीत बसल्यावर दुसरं काय होणार? प्या हे."

मी मधाचं गरम पाणी प्यालो. चांगलं होतं, म्हणून सगळं प्यालो. मग सांगितलं, "घसा नाही हो. कपाटाचा आवाज बसला."

त्या कपाटापाशी गेल्या, कान लावला. आणि खांदे हलायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"बरं, आणि 'आता जाऊ नका' हे कोणाचं? कपाटाचं?"

"नाही... ते माझं."

त्यांनी थर्मासचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "खोली नको म्हणून कळवून टाकलं मी. चिठ्ठी वाचली तेव्हाच."

"मी आजारी आहे असं वाटलं म्हणून?"

"आजाऱ्याला पाणी देतात. खोली सोडत नाहीत. मी दुसरं वाक्य वाचून फोन केला."

मी कपाट उघडलं. त्यातली एक बाटली काढून बूच काढलं. बाईंनी घोट घेतला.

"छान करायच्या हो त्या."

"हो," मी म्हणालो. "द्राक्षं स्वतः निवडायची. मला हात लावू द्यायची नाही." आणि बोलतच राहिलो.

दोन वर्षांत पहिल्यांदाच तिच्याबद्दल बोलताना माझा आवाज बसला नाही.