दुपारच्या जाखडीतला मोकळा फेरा

मनोरीच्या बोलणाऱ्या माशाची गोष्ट मी सांगितली होती, ती तुम्ही नका मानू. ही मात्र माना. एवढी भीती मला मनाने रचता येत नाही.

साल सत्तावन्न. जागा घाटकोपर, भटवाडीच्या टेकडीखालचा पत्र्याचा हॉल. आणि वेळ रात्रीची नव्हे...

भर दुपारची.

त्या हॉलात गणपतीच्या दिवसांत कोकणातली गिरणीवाली माणसं जाखडी नाचत. मधे बुवा गाणार, शेजारी ढोलकी, आणि भोवती नाचणाऱ्यांचा गोल फेरा. प्रत्येकाच्या उजव्या पायात घुंगरांची चाळ. ती बुवांनी आपल्या हाताने बांधायची आणि नाच संपला की आपल्याच हाताने सोडायची. तोवर नाचणारा सुटत नाही, असं मानत.

तेव्हा बुवा होते दशरथ. म्हणजे माझे वडील.

त्या वर्षी फ्लूची साथ होती. घरोघरी खोकला, निलगिरीचा वास, लावलेली दारं.

"यंदा नाच नको, बुवा," ढोलकीवाला काशीराम म्हणाला.

"मग गणपतीला काय सांगू? बाप्पा, तूच काढा पिऊन पड?"

शेवटी बुवांनी तोड काढली. रात्री कोंदट हॉलात गर्दी नको म्हणून नाच दुपारी. एका बाजूचे पत्रे उतरवले. बघणारे बाहेर मैदानात. नाचणाऱ्यांच्या तोंडाला रुमाल. जमिनीवर चुन्याच्या फक्कीने रिंगणं आखली. ज्याने त्याने आपल्या रिंगणात, जागच्या जागी नाचायचं. फेरा फिरवायचा नाही.

"ही काय जाखडी रे?" काशीराम कुरकुरला. "रेशनच्या रांगेत उभं केल्यासारखं वाटतंय."

दोन रिंगणं रिकामी होती.

एक जयवंतचं. तो इस्पितळात होता. लहानपणी उजवा घोटा मोडल्यामुळे चाळ डाव्या पायात बांधणारा तो एकटाच. त्यावरून सगळे त्याला चिडवत.

दुसरं, अगदी त्याच्या शेजारचं, लवूचं. लवू म्हणजे बुवांचा धाकटा भाऊ. आईबाप गेल्यावर बुवांनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. तो घरी तापाने फणफणत पडला होता.

निघताना त्याने बुवांचा हात धरला.

"दादा, माझी जागा दुसऱ्या कुणाला देऊ नको हां."

"नाही देत रे. झोप तू."

मोकळी जागा असलेला फेरा बुवांना चालेना. तिथे कोण येऊन उभं राहील, सांगता येत नाही. म्हणून त्यांनी दोघांच्या चाळी आणवल्या, पायात बांधल्यासारखी गाठ मारली आणि ज्याची त्याच्या रिंगणात ठेवली. घरी लवूपाशी माझी आई बसलीच होती.

गण झाला. काही झालं नाही.

गवळण सुरू झाली... आणि काशीरामचा हात अडखळला.

"बुवा, एक पाय जास्त वाजतोय."

"गप वाजव."

पण बुवांनीही ऐकलं होतं. आवाज जयवंतच्या रिंगणातून येत होता.

चाळ तर जमिनीवर पडलेली. एक घुंगरूसुद्धा हलत नव्हतं.

छुम्... छुम्...

लख्ख उजेड. बाहेर बायका, पोरं. कुणाला काही दिसत नव्हतं. मग जयवंतच्या रिंगणाची रेघ पुसली गेली...

पलीकडच्या रेघेवर पाऊल उमटलं.

डावं.

सगळे जागच्या जागी नाचत होते. एकटा 'तो' जुन्या रीतीने फेरा धरून पुढे सरकला होता.

लवूच्या रिंगणात.

तिथे आवाज थांबला. एकदम.

"लवू!" बुवा ओरडले, गाणं अर्धं टाकून उठले आणि धावत सुटले. मागे चाळी तशाच राहिल्या. न सोडलेल्या.

खोलीच्या दारात आई उभी होती.

"अहो, श्वासच थांबला होता हो भावजींचा! मी बोंब मारली... आणि परत सुरू झाला."

लवू उशीला टेकून बसला होता. ताप उतरलेला. अंग गार. बुवांनी त्याला छातीशी धरलं, रडले, हसले.

मग तो त्यांच्या कानाशी बोलला.

"बुवा... चाळ सोडा ना."

लवूने त्यांना जन्मात कधी बुवा म्हटलं नव्हतं.

त्याने चादरीबाहेर पाय काढला. डावा. तळव्याला फक्की लागली होती.

घोट्यावर काहीच नव्हतं. तरी बुवांनी हात लावला...

बोटांना गार घुंगरं लागली. मग दोरी. मग गाठ. आपणच मारलेली.

एवढ्यात दारात काशीराम आला, धापा टाकत.

"बुवा, इस्पितळातून निरोप आलाय. जयवंत गेला. दुपारीच." मग हळूच म्हणाला, "आणि त्याची चाळ रिंगणात नाही. लवूची तेवढी आहे."

गाठ बुवांच्या चिमटीत होती. एक हिसका पुरला असता. पण सुटून गेल्यावर मागे काय उरेल? श्वास घेणारा भाऊ, की नुसतं अंग?

त्यांनी गाठीवरून बोटं काढली आणि पायावर चादर ओढली.

"झोप," ते म्हणाले. नाव घेतलं नाही.

पुढे लवूकाकाने नोकरी केली, संसार केला. हॉलात मात्र बुवांनी त्याला पुन्हा पाऊल टाकू दिलं नाही. गणपती आले की तो बुवांपुढे बसायचा, डावा पाय पुढे करायचा. बुवा उठून बाहेर जायचे.

बुवांना जाऊन आता वर्ष झालं.

काल लवूकाका आमच्याकडे आला. चहा झाला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग खुर्चीवरून खाली बसला, आणि माझ्यापुढे पाय केला.

"तू बुवांचा मुलगा ना?" तो म्हणाला. "तुझ्या हातानेही सुटेल."

मी चहाच्या कपबशा उचलून आत गेलो.

तो अजून बाहेरच्या खोलीत बसलाय.