शिट्टी जरा खालून मार

"ओ बाई! किती शिट्ट्या मारायच्या तुम्हाला?"

मी गर्रकन वळले. कान दाखवायला आलेल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात पांढऱ्या डगल्यातला एक किडमिडा तरुण उभा होता. हातात माझी पडलेली ओढणी.

"शिट्टी मारणाऱ्याचे मी दात पाडते. आणि मारलीस कधी रे, खोटारड्या?"

त्याचं हसू मावळलं. माझ्यासमोरच त्याने ओठांचा चंबू केला, गाल फुगवले... बाकावरच्या सगळ्यांच्या माना वळल्या.

मला ऐकू आलं — काहीच नाही!

पत्रा कापायच्या कर्कश यंत्रापाशी मी वर्षानुवर्षं उभी. मालक म्हणायचा, कानात कापूस घाला की झालं. मेल्याला लाज नाही!

मेंदूत कुठला आवाज कुठे पोचतो, हे तपासणं त्या डगलेवाल्याचं काम. त्याने मला स्कॅनच्या मशीनमध्ये झोपवलं. हेडफोनमध्ये एकेक सूर आला. आधी जाडे, मग बारीक, मग... नुसती शांतता.

बाहेर आले तर पडद्यावर माझाच मेंदू!

"सूर इथे रांगेत राहतात," तो म्हणाला. "जाडे या टोकाला, बारीक त्या टोकाला. पियानोच्या पट्ट्या असतात ना, तसे."

"माझं ते टोक मेलं ना? खरं सांगा."

"मेलं कुठे? जागं आहे! बारीक सूर येईनात, म्हणून शेजारचे मधले सूर तिथे पाय पसरून बसलेत."

"माझ्या डोक्यात घुसखोरी? आणि मला पत्ता नाही?" मी थक्क. "मग... माझे बारीक सूर परत येतील?"

तो थेट माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "नाही."

इतकं सरळ माझ्याशी कुणी बोललंच नव्हतं. रडू आलं, राग आला... आणि हा माणूस आवडला! हाच धक्का सगळ्यांत मोठा.

"चालले मी. मालकाची गचांडी धरायची आहे."

ताडताड दारापर्यंत गेले — आणि थबकले.

शिट्टी! जाडसर, फाटकी, बेसूर. पण ऐकू आली!

वळले. तो व्हरांड्याच्या मधोमध लालबुंद होऊन, धापा टाकत उभा. सिस्टर कपाळाला हात लावून म्हणाल्या, "कधीचा फुंकतोय वेडा!"

"सुराची एकेक पायरी खाली उतरत होतो..." तो म्हणाला, "तू वळेपर्यंत. आता पाड दात."

"पाडीन," मी म्हटलं. "आधी पुन्हा मार."