पोयाच्या माश्यांची पाठवणी

"ओ, थांबा! ती थापी खाली ठेवा आधी!"

ठाकुर्लीच्या त्या गल्लीत एवढ्या जोरात कुणी ओरडलं की खिडक्यांतून डोकी बाहेर येणारच. आली. भिंतीपाशी उकिडवा बसलेला मितेश मात्र असा दचकला, की थापीवरचं सिमेंट थेट त्याच्या पायावर पडलं.

ओरडणारी होती वल्लरी... डोंबिवलीच्या एका शाळेतली विज्ञानाची शिक्षिका. भिंतीच्या भेगेतून बाहेर आलेली मेणाची बारीक नळी तिला रस्त्यावरूनच दिसली होती, आणि हा माणूस नेमकी तीच बुजवायला निघाला होता!

"काय झालं, मॅडम? भिंत आमचीच आहे."

"आणि आतल्या माश्या?"

"त्याच तर बंद करतोय. चावतील कुणाला."

"डंखच नसतो त्यांना. पोयाच्या माश्या आहेत या, बारीक मधमाश्या."

मितेशने पायावरचं सिमेंट झटकलं आणि मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. "त्या चावत नाहीत... मग तुम्ही का एवढ्या चावताय?"

वल्लरीला हसू आलं आणि त्याचा रागही आला. पण ती हटणाऱ्यातली नव्हती. आठवीच्या वर्गासाठी तिने काचेच्या झाकणाची लाकडी पेटी करून घेतली होती, घाबरलेल्या पालकांची समजूत काढली होती. मुख्याध्यापिकांनी नाताळच्या सुट्टीपर्यंत मुदत दिली होती. तोवर पेटीत माश्या दिसल्या नाहीत तर वर्गातल्या त्या कोपऱ्यात कपाट येणार होतं. सगळं होतं, फक्त माश्या नव्हत्या. आणि त्या इथे, या उद्धट माणसाच्या भिंतीत सुखाने नांदत होत्या.

त्याच्या बहिणीची, कल्पिताची, हळद तोंडावर आली होती. म्हणून रंगरंगोटी, म्हणून हे सिमेंट.

"मला हळदीपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली. "मी घेऊन जाते."

"भिंत?"

"माश्या!"

दुसऱ्या दिवशी मितेशने स्वतः छिन्नी घेऊन दोन विटा काढल्या. तीन जेसीबी भाड्याने देणारा हा गडी, पण मुंगीएवढी माशी केसांत शिरली की तीन फूट मागे उडी मारायचा. आत तपकिरी मण्यांचा घोस असावा तशी अंडी-पिल्लांची जागा होती, भोवती मेणाच्या इवल्या मडक्यांत मध. वल्लरीने राणीसकट सगळं अलगद पेटीत ठेवलं आणि पेटीचं भोक बरोबर जुन्या नळीच्या जागी येईल अशी ती भिंतीला टांगली. बाहेर गेलेली माशी परतते ती त्याच ठिकाणी. पेटी हातभर जरी हलवली तरी ती गोंधळते.

एक फुटकं मडकं तिने त्याच्यापुढे धरलं. त्याने बोट बुडवून चाखलं. "आंबट आहे की!"

"आंबट-गोड. नीट चाखा."

"चाखतोय," तो म्हणाला, पण बघत होता तिच्याकडे. वल्लरीने उगाचच पेटीचं झाकण पुन्हा तपासलं.

मग रोज शाळा सुटल्यावर पेटी बघायला जाणं आलंच. मितेशची आई, सगुणाबाई, खुर्ची सरकवायच्या. "बस गो बाय, च्या घे. माशा काय पलून नाय जात." अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. चारच दिवसांत माश्यांनी पेटीच्या तोंडाशी नवी नळी बांधली. म्हणजे त्या रुळल्या होत्या, संध्याकाळी सगळ्या आत आल्या की भोक बंद करून पेटी नेता आली असती; एकदम लांब नेल्या की त्या नवी जागा नव्याने शिकतात.

"नेतेस का मग?" मितेशने विचारलं.

"अजून... नको. थोडे दिवस जाऊ दे."

"भारी हट्टी आहेत तुझ्या माश्या."

हट्ट कुणाचा होता ते तिला पुरतं ठाऊक होतं.

हळदीच्या आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीत, शाळेच्या फाटकाशी पोरांचा गलका झाला. मितेश उभा होता, घामाघूम, छातीशी पेटी धरून, चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचा आनंद. "मांडववाले आले होते. म्हटलं, तुला कशाला त्रास... मीच आणली!"

वल्लरीचा चेहरा उतरला. "कधी उचललीस?"

"आत्ताच."

"अरे, भर दुपारी? या वेळी घरात कोण असतं? सगळ्या बाहेर गेलेल्या असतात, मितेश! त्या परत येतील ना... भिंतीकडे!"

उरलेले तास मैत्रिणीच्या गळ्यात टाकून ती रिक्षात बसली. मांडीवरची पेटी जवळजवळ मुकी होती. मितेश शेजारी अंग चोरून बसला होता, आणि त्याच्यावरच्या रागापेक्षा स्वतःवरचा राग तिला जास्त जाळत होता.

भिंतीपाशी शेकडो माश्या घिरट्या घालत होत्या, ताज्या रंगावर बसत होत्या, पुन्हा उडत होत्या. आणि पेटीच्या जागेपुढेच मांडवाचा खांब उभा राहत होता.

"खांब दोन हात सरकवा, बाबा," मितेश म्हणाला.

त्याचे वडील काळुराम कंबरेवर हात ठेवून उभे होते. "माशांसाठी? आरं, उद्या सगला गाव यल, मांडव वाकडा दिसंल!" मग वल्लरीकडे वळून, "आन तू कोन गो पोरी, आमचा मांडव सरकवनारी?"

मांडववाले थांबले. कल्पिता दारात येऊन उभी राहिली. वल्लरीचे कान तापले, पण तिने मान खाली घातली नाही.

"मी यांची शिक्षिका... म्हणजे, माश्यांची. आणि चूक मितेशची एकट्याची नाही, काका. पेटी मला केव्हाच नेता आली असती. मीच नेली नाही... कारण मग इथे यायला काही निमित्तच उरलं नसतं."

सगुणाबाई पदराआड खुदकन हसल्या. काळुरामांनी पोराच्या लाल झालेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, पोरीच्या ताठ मानेकडे पाहिलं, आणि मांडववाल्यांना हाक मारली. "खांब सरकवा रं! दिसू दे वाकडा!"

पेटी जागेवर गेली. दोघं समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहिली. एकेक माशी आत शिरू लागली, मग झुंबड उडाली, आणि दिवेलागणीला नळीच्या तोंडाशी पहारेकरणींचे चिमुकले चेहरे तेवढे दिसत राहिले. वल्लरीने सुटकेचा निःश्वास सोडला आणि भोकावर जाळीचा तुकडा चिकटवला.

"आता न्यायची," ती म्हणाली. "पण चालत. दुपारी रिक्षात बसले तेवढे धक्के पुरे, अजून बसले तर पिल्लं मरतील."

"चालत डोंबिवली?" मितेशने पेटी उचलली, आणि तिथेच थबकला. "वल्लरी... मघाशी बोललीस ते खरं, की बाबांना गप्प करायला?"

"खरं. तू मला आवडतोस. फार आवडतोस. दुपारी पेटी उचलणारा बावळट आहेस, तरीही."

"मला तर तू त्या दिवशी ओरडलीस तेव्हाच..." त्याने पेटी सावरून धरली. "उद्या हळदीला येशील? माश्यांशिवाय?"

"येईन."

दोघं निघाली. मितेश काचेचं भांडं न्यावं तसा जपून पावलं टाकत होता. तिला त्याचा हात हातात घ्यायचा होता, पण त्याचे दोन्ही हात पेटीत गुंतलेले. मग तिने सरळ त्याचा दंडच धरला, आणि शाळा येईपर्यंत सोडला नाही.