काठावरची एक तोर्तेलिनी

निवेसच्या हातची तोर्तेलिनी ताटलीत टाकून उठणारा माणूस इटलीतल्या मोदेनाच्या टेकड्यांत अजून जन्मायचा होता. हे निवेस स्वतःच सांगायची, आणि शेजारच्या मळ्यात ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची. खोटंही नव्हतं ते. अंड्यात भिजवलेल्या पिठाची पोळी ती इतकी पातळ लाटायची की पलीकडचा उजेड दिसावा. मग चौकोन कापायचे, मांस, चीज आणि जायफळाचं चिमूटभर सारण ठेवायचं, दुमडून तर्जनीभोवती वळसा द्यायचा, की झाली तोर्तेलिनी. ती जायची कोंबडीच्या कढत सूपमध्ये, ऑगस्टच्या उकाड्यातसुद्धा. तिच्या खाणावळीत मिलानहून सुट्टीला आलेली मंडळी घाम पुसत कुरकुरली तर निवेस म्हणायची, "उकडतंय तर टोपी काढा. सूप मिळेल ते कढतच." आणि तीच मंडळी दुसरी ताटली मागायची.

अपवाद एकच होता. सासूबाई.

एकोणतीस वर्षं रोज दुपारी म्हातारी झेलिंदा द्राक्षांच्या मांडवाखाली, भिंतीलगतच्या शेवटच्या टेबलाशी बसायची. पहिली ताटली तिची, गिऱ्हाइकांच्याही आधी. सूपमध्ये ती घोटभर लाल लाम्ब्रुस्को वाइन ओतायची, जुन्या माणसांची खोडच ती. सूप जांभळं व्हायचं. निवेसला ते बघवायचं नाही. म्हातारी सावकाश खायची, ब्रेडच्या तुकड्याने ताटली पुसायची आणि उठताना एक तोर्तेलिनी काठावर ठेवून द्यायची. एकच. तोंडातून चकार शब्द नाही. ती स्वतः करायची तेव्हा करंगळीभोवती वळायची, चिमुकली. सुनेची तर्जनीवरची तिला बोजड वाटत असणार. असणार म्हणायचं, कारण विचारायची निवेसला कधी छाती झाली नाही, आणि मार्चमध्ये म्हातारी गेली. शेवटच्या दुपारीसुद्धा काठावर एक होतीच.

ते टेबल मग रिकामंच राहिलं. पण ऑगस्टच्या सुट्ट्या लागल्या, अंगणात मोटारींना जागा पुरेना, तेव्हा निवेसने त्याच्यावर पांढरा कपडा अंथरला आणि हॉलंडची एक उंच बाई तिथे बसवली.

ताटली परत आली ती काठावर एक तोर्तेलिनी घेऊन.

"हे काय?" निवेसने विचारलं.

"पोट भरलं असेल गं तिचं," लोरेना म्हणाली. लोरेना निवेसची मुलगी, शहरात औषधांच्या दुकानात काम करायची आणि सुट्टीत आईला वाढायला मदत करायची. "एवढ्याने लगेच नाक नको फुगवूस."

"माझ्याकडे पोट भरतं ते ताटली संपल्यावर."

दुसऱ्या दिवशी तिथे एक नवं लग्न झालेलं जोडपं बसलं. दोन ताटल्या गेल्या. बायकोची लख्ख परत आली. नवरा म्हातारीच्या, भिंतीकडच्या खुर्चीवर बसला होता, त्याच्या ताटलीत काठावर एक. ताटलीच्या तळाला जांभळट कडंही होतं.

"वाइन कोणती घेतली त्यांनी?"

"वाइन कुठली! नवरा गोळ्या घेतोय, नुसतं पाणी प्यायले," लोरेना म्हणाली. मग तिनेही ते कडं पाहिलं. "आधीचा डाग असेल, आई. नीट घासली नसेल."

घासली होती निवेसनेच. त्या रात्री ती जेवली नाही. तिला भीती वाटली नव्हती. तिला राग आला होता, आणि रागाच्या तळाशी जे दुखत होतं ते एकोणतीस वर्षं जुनं होतं. कुणीतरी एकदा तरी म्हणायला हवं होतं की पोरी, जमलं तुला. ते म्हणणारी एकच बाई होती आणि ती न म्हणताच गेली.

पंधरा ऑगस्टला, ऐन मेरीमातेच्या सणाच्या दुपारी, निवेसने त्या खुर्चीवर आपला हुकमी माणूस बसवला. तोरीनोचे निवृत्त गणित मास्तर, सिन्योर बेर्ताल्दो. खादाडपणात त्यांचा हात कोणी धरला नसता.

"मास्तर, आज मी इथे उभी राहून बघणार."

"बघा की. कुणी बघत असलं की मला जास्त भूक लागते."

मास्तरांनी शेवटची तोर्तेलिनी तोंडात टाकली. ब्रेडने ताटली पुसली, काठासकट. निवेसने डोळ्यांनी पाहिलं, पांढरी ताटली, कोरी. तिने ती स्वतः उचलली. मांडवापासून स्वयंपाकघराचं दार अकरा पावलं.

दारात पोचली तेव्हा काठावर एक होती.

ओली. अजून वाफ निघत होती तिच्यातून.

निवेसने ती उजेडात धरली. घडी करंगळीवरची होती.

म्हणजे हे उष्टं नव्हतंच. आपल्या हातची कुणी टाकलेली नव्हती. ही कुणीतरी वळून ठेवली होती, आपल्याला दाखवायला. निवेसने दाराला टेकून ती तोंडात टाकली आणि डोळे मिटले. चांगली होती. खरं बोलायचं तर फारच चांगली होती, आणि निवेसला रडू फुटलं तेही रागाने.

चार वाजता शेवटची मोटार गेली. मांडवाखाली गांधीलमाश्यांखेरीज कोणी राहिलं नाही. निवेसने बाह्या सारल्या, नवं पीठ मळलं, पोळी लाटली. वळताना तिची नजर खिडकीबाहेरच्या त्या खुर्चीवर होती. हातांकडे बघायची तिला गरज नव्हती, हातांना इतक्या वर्षांची सवय होती. मग भरलेली ताटली घेऊन ती टेबलाशी गेली, लाम्ब्रुस्कोचा पेला आणि ब्रेडचा तुकडा शेजारी ठेवला आणि रिकाम्या खुर्चीसमोर ताठ उभी राहिली.

"घ्या सासूबाई. तुमच्या लेकासाठी केली नाही, गिऱ्हाइकांसाठी केली नाही. तुमच्यासाठी केली. पसंत नसेल तर या वेळी तोंडाने सांगा."

पानही हललं नाही.

ती चीजची वाटी आणायला आत गेली. तेवढ्यापुरतीच गेली.

परतली तर पेला रिकामा होता. ताटलीत जांभळट ओल होती, ब्रेडने पुसल्याच्या रेघा होत्या.

काठावर काही नव्हतं.

तिने ताटली फिरवून पाहिली. खाली वाकून पाहिलं. काही नव्हतं, कुठेच नव्हतं. निवेसची छाती अशी फुगली की तिला बसावं लागलं. एकोणतीस वर्षं, आणि आज! ती हसली, एप्रनमध्ये तोंड खुपसून रडली, आणि ताटली डोक्याच्या वर धरून स्वयंपाकघराकडे निघाली.

"लोरेना! बघ! एकही नाही! जमलं मला, जमलं!"

लोरेना ओट्याशी पाठमोरी उभी होती. फळीवर उरलेल्या तोर्तेलिन्या रांगेत वाळत होत्या.

"आई, या कोणी केल्या?"

"कोणी म्हणजे? मी. आत्ता."

"तू?" लोरेनाने एक उचलून तळहातावर ठेवली. ती चिमुकली होती. "या तर आजीसारख्या वळल्यात."

निवेस फळीजवळ आली. साऱ्याच तशा होत्या, एकूण एक. तिने ताटली खाली ठेवली आणि आपले हात खिडकीच्या उजेडात धरले.

उजव्या करंगळीभोवती पिठाचं कडं सुकलं होतं. तर्जनी स्वच्छ होती, कोरडी.