खालच्यांची पाळी

भिंगरीचा बाप एका मोठ्या इस्पितळात लोकांचे कान तपासायचा. अठरा वर्षं तेच काम. बाहेरचा आवाज आत न येणाऱ्या छोट्या केबिनमध्ये माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि आपण काचेच्या अलीकडे यंत्रापाशी बसून एकेक सूर पाठवायचा. ऐकू आला की माणूस बटण दाबतो, यंत्रावर हिरवा दिवा लागतो. दिवा लागला की आवाज दहाने कमी करायचा, नाही लागला की पाचाने वाढवायचा. जेमतेम ऐकू येतं तिथे कागदावर खूण करायची. सगळ्या खुणा जोडल्या की कानाचा आलेख तयार. काम कंटाळवाणं होतं, पण तो ते मन लावून करायचा.

पोटच्या मुलीचा आलेखही त्यानेच काढला होता, ती साडेतीन वर्षांची असताना. खर्जातले जाड आवाज तिला बऱ्यापैकी यायचे. सूर बारीक होत गेला की रेघ घसरगुंडीसारखी खाली. शिट्टी, पक्षी, ‘स’ आणि ‘श’, आईची हाक, सगळं घसरगुंडीच्या तळाशी. नस कमजोर आहे, याला औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुलीला कानयंत्र बसवलं, ती बोलायला शिकली, शाळेत जाऊ लागली. फक्त एका जागी बसणं तिला ठाऊक नव्हतं. कान साथ देत नाहीत म्हटल्यावर डोळ्यांनीच चहूकडे पहारा द्यावा लागतो. जेवताना मान गरागरा फिरायची, पाय हलत राहायचे. भिंगरी हे नाव तिला त्यावरूनच पडलं.

ती नऊ वर्षांची असताना शाळेच्या कार्यक्रमात वाद्यवृंद आला. सगळी पोरं पुढे नाचत होती. भिंगरी एका स्पीकरला दोन्ही तळहात लावून तासभर उभी राहिली. हललीसुद्धा नाही. घरी आल्यावर तिने बापाला एवढंच विचारलं, “ते चार जाड तारांचं काय होतं?”

ते बास गिटार होतं. बापाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. वाद्यं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ बाजारामागच्या गल्लीत बसत. तरुणपणी बास वाजवायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या दुकानात एकाच वेळी पाच-सहा पोरं ठोकाठोक करत असायची, त्या कल्लोळात भिंगरीला काही उमगेना. तेव्हा तोडगा निघाला तो असा: दर शनिवारी मास्तरांनी बापाला शिकवायचं आणि आठवडाभर बापाने लेकीला. बाप एक धडा पुढे, लेक एक धडा मागे. मास्तरांनी लहान मुलांच्या हाताला बसेल असं आखूड मानेचं एक जुनं वाद्य आणि छोटा ॲम्प्लिफायर वापरायला दिला.

“एक लक्षात ठेवा,” मास्तर म्हणाले, “बास एकट्याने वाजवायचं वाद्य नाही. दुसरा काय वाजवतोय ते ऐकायचं आणि त्याला जागा सोडायची. तुमच्या पोरीला हे जमलं तर सगळं जमलं.”

घर तळमजल्यावर होतं. समोर दोन खोल्या आणि मागे एक लांबट खोली, तिला एकच खिडकी, खिडकीबाहेर कंपाउंडची भिंत. तिथे लाद्या होत्या आणि लाद्यांखाली सरळ माती. बापाने ॲम्प्लिफायर पालथा टाकला, तोंड जमिनीकडे, म्हणजे थरथर लाद्यांत उतरेल. भिंगरी अनवाणी, लाकडी पेटीवर. तो तिच्या गुडघ्यावर बोटाने ठोके द्यायचा: एक, दोन, तीन, चार. तिने सगळ्यात जाड तार छेडायची, चार ठोके धरायची, मग पुन्हा.

पहिल्याच दिवशी ती वीस मिनिटं बसली. आई दारात येऊन उभी राहिली. ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची, चूक दिसल्याशिवाय तिची नजर कशावर थांबत नसे. आत जाऊन तिने डोळे पुसले, ते बापाला दिसलं.

पंधरा दिवसांनी एक चूक दिसू लागली. भिंगरी चार ठोके वाजवायची आणि थांबायची. चार ठोके गप्प, मग पुन्हा चार. बापाला वाटलं मोजणी सुटतेय. त्याने गुडघ्यावर जोरात ठोका दिला. तिने त्याचं बोट बाजूला केलं.

“थांब ना बाबा. आत्ता त्यांची पाळी आहे.”

“कुणाची?”

“खालच्यांची.” तिने पायाच्या अंगठ्याने लादीकडे दाखवलं. “मी वाजवते, मग ते वाजवतात.”

बाप हसला. तार छेडली की आसपासचं काहीतरी घुमतं, हे त्याच्या रोजच्या कामातलंच होतं. सैल लादी असेल, पाण्याचा पंप असेल. दुसऱ्या दिवशी त्याने एक वही घेतली आणि शोध सुरू केला. इमारतीचा पंप सकाळी सहा ते सात. पलीकडच्या गल्लीतली पिठाची गिरणी दुपारपर्यंत. फ्रिज दर वीस मिनिटांनी. एका संध्याकाळी त्याने मेन स्विचच पाडला आणि ॲम्प्लिफायरशिवाय तिला वाजवायला सांगितलं. उजेड कमी होता, पण तिचा चेहरा दिसत होता. चार ठोके वाजवून ती थांबली आणि कुणीतरी छान बोलतंय तसं मान किंचित हलवत राहिली.

बापाने तळहात लादीवर टेकवला. लादी गार होती. बाकी काही नाही.

तरी त्याने ते थांबवलं नाही. आईने विचारलं तेव्हा म्हणाला, खेळ आहे तिचा, मनाने कुणीतरी जोडीदार धरलाय. शिवाय पोरगी सुधारत होती. त्याने न शिकवलेल्या जागा तिच्या हातात येत होत्या. शनिवारी मास्तरांना त्या वाजवून दाखवल्या तर ते म्हणाले, “हे मी नाही शिकवलं तुम्हाला.” आणि थोड्या वेळाने म्हणाले, “कुणाकडून तरी शिकतेय खरी.”

सहा महिन्यांनी तिच्या कानांची नेहमीची तपासणी आली. बापाने तिला केबिनमध्ये बसवलं, सूर पाठवले. सगळ्यात खालच्या सुराला खूण जिथे असायची तिथे आवाज आणला. दिवा. दहाने कमी. दिवा. आणखी दहा. दिवा. नसेचा दोष बरा होत नाही, हे तो रोज लोकांना समजावून सांगायचा. यंत्रच बिघडलं असणार. यंत्र तपासायची सगळ्यात साधी रीत म्हणजे स्वतःचे कान. त्याचे कान पहिल्यापासून खणखणीत. भिंगरीला बाहेर बसवून तो आत गेला आणि शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्याला सूर पाठवायला लावले.

बाहेर आला तेव्हा सहकाऱ्याच्या हातात कागद होता. खर्जातल्या सुरांना त्याची रेघ पंचवीसने खाली होती. भिंगरीची तेवढीच वर गेली होती.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की फ्रिजची घरघर त्याने बरेच दिवस ऐकलेली नाही. परवा रस्ता ओलांडताना बस अंगावर येईपर्यंत कळलं नव्हतं. हॉर्न ऐकू आला, इंजिन नाही. वय झालं, असं म्हणून त्याने सोडून दिलं होतं.

बायकोला त्याने दोन दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले, मुद्रितं पाहायची तसे.

“बंद कर हे,” ती म्हणाली.

“तिला माझा आवाज ऐकू येतो आता. यंत्र काढल्यावरसुद्धा. काल पाठमोरी होती, मी हाक मारली तर वळली.”

“आणि तुला?”

“माझं काय. माझं ऐकून झालंय पुष्कळ.”

तो हे मनापासून बोलत होता. कुठल्याही बापाने हा सौदा डोळे मिटून केला असता. फक्त त्याला झोप लागेनाशी झाली. बसलं तर उठावंसं वाटायचं, उठलं तर मागच्या खोलीत डोकावावंसं वाटायचं. पूर्वी भिंगरीचे पाय हलायचे, आता त्याचे हलू लागले.

भिंगरी मात्र शांत होत चालली होती. खालच्यांची पाळी चार ठोक्यांवरून आठवर गेली, मग सोळावर. ती एक सूर छेडायची आणि ऐकत बसायची. मग पेटी सोडून ती लादीवर बसू लागली. एकदा तो आत गेला तर तिने वाद्याच्या मानेचं लाकूड दातांत धरलं होतं. हाडातून आवाज थेट आत जातो, हे त्यानेच तिला कधीतरी गंमत म्हणून सांगितलं होतं. तिचे डोळे उघडे होते आणि ती त्याच्याकडेच पाहत होती, पण त्याला बघत नव्हती.

रविवारची दुपार होती. खिडकीतून ऊन येऊन भिंतीवर पडलं होतं. आई काही आणायला बाहेर गेलेली. बाप दारात उभा राहून पाहत होता. भिंगरीने बोट तारेवर ठेवलं होतं आणि ती वाजवत नव्हती. पाच मिनिटं झाली. त्याने घड्याळ पाहिलं. वीस झाली. ऊन भिंतीवरून सरकून कोपऱ्यात गेलं.

“भिंगरी, वाजव की.”

“माझी पाळी नाही आली अजून.”

“कधी येणार?”

तिने थोडा विचार केला. “आता नाही येणार बहुतेक,” ती म्हणाली. “आता मी नुसतं ऐकायचंय.”

तो पुढे गेला. वाद्य तिच्या हातातून काढून घेऊ लागला. नऊ वर्षांच्या मुलीचे हात, पण सुटेनात. तिने जोर लावला नव्हता. ते फक्त सुटत नव्हते.

त्याने तारांवर पंजा दाबला.

तार हलत होती.

भिंगरीचं बोट तिच्यावरून कधीच निघालं होतं. ॲम्प्लिफायर बंद होता, त्याची वायर भिंतीपाशी गुंडाळलेली होती. तरी जाड तार त्याच्या पंजाखाली संथ, सारखी थरथरत होती. ते हातातून कोपरात आलं, कोपरातून जबड्यात. कानाला काही नाही. दाढा मात्र एकमेकींवर हलके आपटत होत्या.

त्याने आणखी दाबलं.

थरथर थांबली.

समोरचा माणूस बोलता बोलता मध्येच गप्प होऊन आपल्याकडे बघतो, तशी थांबली.

भिंगरीने वाद्य सोडून दिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ओशाळल्यासारखी दिसत होती, चारचौघांत घरच्या माणसाने काही वावगं केल्यावर आपण होतो तशी.

“बाबा,” ती हळू म्हणाली, “तू त्यांना मध्येच तोडलंस.”

त्याच संध्याकाळी तो वाद्य मास्तरांना परत देऊन आला. मास्तरांनी कारण विचारलं नाही. त्यांनी सवयीने ते मांडीवर घेतलं, चार ठोके वाजवले आणि थांबले. मग पुढे वाजवायचं सोडून आपल्याच हाताकडे बघत राहिले. भिंगरीचा बाप तिथून उठला.

मागच्या खोलीला आईने कुलूप लावलं. भिंगरीने हट्ट केला नाही, रडली नाही. वर्गात ती पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसू लागली. बाईंनी निरोप पाठवला की मुलीत फार चांगला बदल आहे. आई पोटभर जेवू लागली, आई पुन्हा गाणं गुणगुणू लागली. बापाचे कान होते तिथेच राहिले. आणखी उतरले नाहीत, परतही आले नाहीत. त्याने मनाशी म्हटलं, एवढ्यावर निभावलं.

महिन्याभराने त्याने तिला पुन्हा इस्पितळात नेलं. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर बाकावर दोन-तीन पेशंट वर्तमानपत्र चाळत होते. सहकारी रजेवर होता. तपासणी नीट झाली. बारीक सूर पूर्वीसारखेच तळाला, खर्जाचे अगदी वर, कुठल्याही निरोगी कानाचे असावेत तसे. त्याने तिला बाहेर बोलावलं. तिने हेडफोन खुंटीला अडकवले, बटण स्टुलावर ठेवलं, बाहेर येऊन केबिनचं जाड दार लोटलं आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

तिच्याकडे न बघता, कागदावर सही करता करता, त्याने विचारलं, “अजून येतं का गं काही? खालून?”

“नाही,” भिंगरी म्हणाली. “आता खाली कुणी नाहीये.”

त्याने सुटकेचा श्वास टाकला. यंत्र बंद करण्याआधी एक सूर पाठवून पाहायचा त्याचा शिरस्ता होता. सगळ्यात खालचा सूर लावून त्याने कळ दाबली.

हिरवा दिवा लागला.

बटण अडकलं असेल. पण अडकलं असतं तर दिवा लागलेलाच राहिला असता, आणि तो विझला होता. त्याने काचेतून पाहिलं. स्टूल, स्टुलावर बटण, खुंटीला हेडफोन.

तो थांबला. दिवा लागला नाही. त्याने कळ दाबली. दिवा लागला.

अठरा वर्षांच्या सवयीने हाताने आवाज दहाने कमी केला. दिवा लागला.

आणखी दहा. लागला.

भिंगरीने त्याच्या सदऱ्याची बाही धरली होती आणि ती अजिबात चुळबुळ करत नव्हती.

तो यंत्राच्या शेवटच्या आकड्यापर्यंत गेला. त्याहून हळू आवाज त्या यंत्रात नव्हता. त्याने कळ दाबली आणि काचेकडे न बघता दिव्याकडे पाहत राहिला.

मग त्याने खणातून एक नवा कागद काढला, वर तारीख घातली, नावाची जागा मोकळी सोडली आणि पहिली खूण केली.