थोरल्या घरच्या लेकी

माझं पोट भरतं ते दातांच्या दवाखान्यांवर. 'हिरड्यांतून रक्त येतंय? घाबरू नका' अशा मथळ्याचे लेख मी महिन्याला बारा पाडते. शिवाय किमचीचं लोणचं ठेवायच्या फ्रिजची माहितीपत्रकं आणि एका गादीवाल्याचं पाक्षिक. गादीबद्दल दर पंधरवड्याला नवीन काय लिहायचं हे मलाही ठाऊक नसतं, पण लिहिते. उरलेल्या वेळात मी आणि माझी मैत्रीण मिरू एक छोटं नियतकालिक काढतो. त्याचं नाव 'कुणाची तरी लेक'. मजकूर माझा, चित्रं आणि मांडणी मिरूची. देगू शहरातल्या दोन पुस्तकांच्या दुकानांत आणि एका कॉफीच्या दुकानात ते मिळतं. बहुतेक प्रती आमच्याच मैत्रिणी घेतात.

तिसरा अंक आम्ही वंशावळींवर काढला. आमच्याकडे, कोरियात, प्रत्येक घराण्याचं जाडजूड पुस्तक असतं. मुलगा असला तर त्याचं नाव, जन्मतिथी, हुद्दा आणि थडगं कुठल्या टेकडीवर आहे तेही त्यात येतं. मुलगी असली तर नुसतं 'मुलगी', आणि पुढे तिच्या नवऱ्याचं नाव. सुनेचं तर फक्त माहेरचं आडनाव. हल्ली काही घराणी मुलींची नावं घालतात, पण कित्येक अजून ढिम्म हललेली नाहीत. मी चार पानं नुसती आग ओकली होती. त्यावर ओळखीच्या दोघा पुरुषांनी 'एवढा राग कशाला?' असं विचारलं. बाकी कुठे पान हललं नाही.

म्हणून जूनमध्ये ओक घराण्याच्या मंडळाच्या सचिवांचा फोन आला तेव्हा मला आधी थट्टाच वाटली.

"लेखिकाबाई, आमच्या वंशावळीची नवी आवृत्ती काढायचीय. तुम्ही कराल का?"

"माझा लेख वाचलात ना तुम्ही?"

"वाचला की. चांगला झणझणीत आहे."

"मग माझी एक अट आहे. मुलींची नावं घालायची. सगळ्यांची, गेलेल्यांचीसुद्धा."

"घाला," ते म्हणाले. एवढंच. शाळेतून निवृत्त झालेला, पंच्याहत्तरीचा, डोंगरातल्या खेड्यातला माणूस. मी भांडायला पदर खोचून उभी होते आणि समोर कुणीच नव्हतं. तिथेच माझ्या मनात पहिली शंका आली.

पण मीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हते. माझी आई याच ओकांची मुलगी होती, आणि हे मी त्यांना सांगितलं नाही.

आईचं नाव माल-सुन. चौथीही मुलगीच झाली म्हणून 'आता पुरे' अशा अर्थाने ठेवलेलं. विसाव्या वर्षी, घराण्याच्या मूळ, थोरल्या घरात श्राद्धाचा स्वयंपाक चालू असताना, ती एप्रनसकट मागच्या दाराने निघाली आणि देगूची बस पकडली. त्याआधीची दहा वर्षं तिने त्या स्वयंपाकघरात वर्षाला बारा श्राद्धांची धिरडी तळली होती. बायकांनी तळायची, पुरुषांनी नमस्कार करायचे, आणि मग उरलेलं बायकांनी चुलीपाशी उभ्याने खायचं. "त्या स्वयंपाकघरात मी पुन्हा पाय ठेवणार नाही," ती म्हणायची. "मेले तरी नाही." ती जाऊन तीन वर्षं झाली होती. ज्या पुस्तकात ती नुसती 'मुलगी' होती, त्यात मला तिचं नाव पूर्ण, ठळक छापलेलं बघायचं होतं. बाकीचा सगळा सुधारणेचा उत्साह खरा होता, पण मी ते काम घेतलं ते यासाठी.

मिरू म्हणाली, "तुला पुस्तक काढायचंय की सूड घ्यायचाय?"

"दोन्ही जमतंय, तर का नको?"

ओकांचं थोरलं घर गावाच्या टोकाला आहे. पुढे लाकडी ओसरी, मागे उंचावर पूर्वजांचं देवघर, आणि उजव्या अंगाला वेगळं स्वयंपाकघर, त्याला अंगणात आणि परसात अशी दोन दारं. घर सांभाळणाऱ्या थोरल्या सूनबाई चौसष्ट वर्षांच्या होत्या. दोन्ही मनगटांना पट्टे, बोलणं अगदी मोजकं. मी गेले तेव्हा त्यांनी मला चहा दिला आणि माझे हात निरखून पाहिले.

"स्वयंपाक येतो?"

"नाही."

"बरं आहे," त्या म्हणाल्या.

काम असं चालायचं. मी म्हाताऱ्याकोताऱ्यांना फोन करून, जुनी दाखल्यांची कागदपत्रं धुंडाळून नावं गोळा करायची. दर महिन्याला यादी सचिवांना पाठवायची. सचिवांनी ती थोरल्या घरी श्राद्धाच्या दिवशी देवघरात मोठ्याने वाचायची. पूर्वजांना कळवल्याशिवाय पुस्तकातलं नाव पक्कं होत नाही, अशी तिथली रीत. मला ते गोडच वाटलं होतं. कधी नव्हे ते त्या पूर्वजांच्या कानांवर बायकांची नावं पडणार होती.

ऑगस्टमध्ये वाचलेल्या पहिल्या यादीत अकरा नावं होती. सगळ्या गेलेल्या.

सप्टेंबरमधल्या श्राद्धाला मी मुद्दाम गेले. हल्ली ते दुपारीच उरकतात, म्हणजे शहरातल्या मंडळींना परतता येतं. देवघरासमोर साताठ पुरुष होते, एवढंच. पण पाटांवरचं अन्न बघून मी चक्रावले. पाच प्रकारची धिरडी, वाफवलेला मासा, तांदळाच्या वड्यांचा हातभर उंच मनोरा, तीन तऱ्हेच्या भाज्या. मनगटाला पट्टे बांधलेल्या एका बाईने हे एकटीने केलं?

मी स्वयंपाकघराकडे गेले. आत सुऱ्यांचे आवाज येत होते. एका सुरीचा आवाज आणि सात-आठ सुऱ्यांचा आवाज यांतला फरक न कळायला मी काही बहिरी नाही. मी दार ढकललं. आत थोरल्या सूनबाई एकट्याच होत्या, स्टुलावर बसून चहा पीत.

"आता कोण होतं इथे?"

"बायका."

"कुठल्या बायका?"

"घरच्याच," त्या म्हणाल्या आणि उठून तव्यावर तेल सोडायला लागल्या.

परसातल्या दाराबाहेर पायरीच्या दगडावर पांढऱ्या रबरी सपाता ओळीने लावलेल्या होत्या. हल्ली कुणी घालत नाही तसल्या. सगळ्यांची तोंडं आतल्या बाजूला. मी मोजल्या. अकरा जोड.

मी सरळ हिशेब केला. हे लोक मला घाबरवतायत. तोंडावर 'हो' म्हणायचं आणि पाठीमागून असले खेळ करायचे, म्हणजे पोरगी आपणच काम सोडून पळेल. संध्याकाळच्या बसमध्ये मी रागाने मिरूला फोन केला.

"जुन्या सपाता मांडून ठेवल्यात गं. नावांइतक्या! मला काय शाळकरी पोर समजतात का?"

"आणि सुऱ्या?"

"आतून दुसऱ्या खोलीत जायला वाट असेल."

"आहे का?"

तशी वाट नव्हती. ते मी आधीच बघून आले होते.

ऑक्टोबरमध्ये मी दुसरी यादी पाठवली, एकूण नावं चोवीस झाली. त्या श्राद्धाला मी सकाळी पहिल्या बसने गेले आणि अंगणाच्या कोपऱ्यात, पर्सिमनच्या झाडाखाली ठाण मांडलं. तिथून स्वयंपाकघराची दोन्ही दारं दिसत होती. गावातल्या दुकानदाराला आधीच विचारून ठेवलं होतं. भाड्याने स्वयंपाकीण वगैरे कुणी येत नाही, त्याने सांगितलं होतं. "थोरल्या घरचं काम म्हणजे मरणाचं. पैसे मोजले तरी कोण जातंय!"

सात वाजल्यापासून दुपारी एकपर्यंत आत फक्त थोरल्या सूनबाई गेल्या. दुसरं कुणीही नाही. मी एकदासुद्धा जागेवरून उठले नाही.

नऊच्या सुमारास सुऱ्या सुरू झाल्या. मग तेलाचा चरचराट, एका तव्याचा नाही, तीन-चार तव्यांचा. बोलण्याचा आवाज अजिबात नव्हता. इतक्या बायका एकत्र राबतायत आणि कुणी कुणाची चहाडी करत नाही, हसत नाही, सासूच्या नावाने बोटं मोडत नाही. मला भीती वाटली ती त्या गप्पपणाची. मी दोनदा उठायचं ठरवलं आणि दोनदा तशीच बसून राहिले.

एकनंतर पाटांवर अन्न आलं. देवघरात यादी वाचून झाल्यावर परसात जाऊन मी सपाता मोजल्या. चोवीस. एक जोड हातात घेतला, तळव्यांना ओली माती होती. पाऊस तर पंधरा दिवसांत झाला नव्हता.

घरी येऊन मी आठवडाभर शेवटच्या यादीपुढे बसून राहिले. आईचं नाव सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. गाळलं तर कुणाला कळणारही नव्हतं. मग मी स्वतःलाच झापलं. नावं लिहायला हवीत म्हणून छाती पिटायची, आणि स्वतःच्या आईची पाळी आली की चार सपातांना भिऊन कच खायची? मिरूला काय तोंड दाखवणार होते मी? हे सगळं कुणीतरी घडवून आणतंय, अशी माझी अजून पक्की खात्री होती. कसं, ते तेवढं समजत नव्हतं. एकतिसावं नाव, ओक माल-सुन, मी टंकलं आणि यादी पाठवून दिली.

नोव्हेंबरमध्ये छापील पुस्तक आलं. ते पूर्वजांपुढे ठेवण्याचा मोठा समारंभ होता. चाळीसेक पुरुष पांढऱ्या झग्यांत देवघरासमोर उभे होते. स्वच्छ ऊन पडलं होतं. सचिवांनी चष्मा लावला आणि शेवटची यादी वाचायला घेतली. मी मागे, बायकांसाठी ठरलेल्या जागी उभी होते. तिथे मी एकटीच होते.

"ओक माल-सुन."

मला रडू आलं. खोटं कशाला बोलू, अभिमानाने ऊर भरून आला होता. एकसष्ट वर्षं आयुष्य काढून गेलेल्या माझ्या आईचं नाव त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने घेतलं होतं.

स्वयंपाकघरातल्या सुऱ्या थांबल्या.

दहा-बारा श्वासांइतका वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग परसातलं दार करकरलं, आणि सुऱ्या पुन्हा सुरू झाल्या.

मी तिकडे धावले. थोरल्या सूनबाई दारातच उभ्या होत्या, एप्रनला हात पुसत. मनगटांवर पट्टे नव्हते. जे कित्येक दिवस मनात होतं तेच मी बोलले.

"पुढच्या आवृत्तीत तुमचंही नाव घालू. नुसतं आडनाव नको. काय नाव तुमचं?"

"मला नको."

"अहो, पण का?"

"हयातभर उभी आहे मी इथे, पोरी. मेल्यावर तरी बसू दे."

मी उंबऱ्याकडे एक पाऊल टाकलं.

"तुझं ते छोटं पुस्तक सचिवांना मीच नेऊन दिलं," त्या म्हणाल्या. "आधी एकच यायची. सासूबाईंनी जिचं नाव लिहून ठेवलं होतं ती. दोघींनी किती उरकणार?"

"त्यांची नावं... ती मी त्यांच्यासाठी लिहिली."

"विचारलं होतंस त्यांना?"

आत कुणीतरी तव्यात काहीतरी सोडलं. चर्र झालं.

"मला आत येऊ द्या. माझी आई..."

"माहीत आहे. तिच्यावरच गेलीयेस तू." त्यांचा आवाज मऊ होता, पण त्या दारातून हलल्या नाहीत. "आत जागा नाही आता."

मी सचिवांकडे गेले. एक नाव खोडा, चूक झालीय, असं मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"लेखिकाबाई, वाचून झालं. एकदा कळवलेलं परत घेता येत नाही. आणि तुमचीच तर अट होती ना!"

निघताना थोरल्या सूनबाईंनी श्राद्धाच्या अन्नाचं गाठोडं दिलं. प्रत्येक पाहुण्याला देतात तसंच. सगळी गाठोडी आतून एकदमच बाहेर आली होती, पण माझं त्यांनी ढिगाच्या तळातून शोधून काढलं. "हे तुझं," म्हणाल्या.

देगूच्या बसमध्ये मी ते मांडीवर घेऊन बसले. दीड तास उघडलं नाही. मग उघडलं.

वर टोफूची धिरडी होती, त्याखाली काड्यांवर ओवून तळलेले तुकडे. हे सगळ्यांच्या घरी एकाच पद्धतीने करतात: मांस, गाजर, कांद्याची पात, पुन्हा मांस. शेजारच्या सीटवरचे काका त्याच समारंभाहून परतत होते आणि त्यांचं गाठोडं उघडून केव्हाच खायला बसले होते. त्यांच्या काड्यांवर हिरवीगार पात होती.

मला कांद्याची पात चालत नाही. लहानपणी एकदा घशात अडकली होती तेव्हापासून. हे त्या गावात कुणालाही ठाऊक नव्हतं.

माझ्या गाठोड्यात आठ काड्या होत्या. आठही काड्यांवरची पात, तळून झाल्यावर, एकेक करून बोटांनी ओढून काढलेली होती.